कापूस घरात असेपर्यंत

मराठवाड्यात ज्यांचं पोरवय कॅसेटच्या काळात गेलं, त्यांना माठातला स्पीकर समजावून सांगावा लागत नाही. बिघडलेल्या टेपमधून काढलेला सहा इंची स्पीकर, त्याला डकवलेल्या दोन वायरी आणि पाझरायचा बंद झाला म्हणून माळवदावर टाकून दिलेला माठ, एवढ्यावर काम भागायचं. माठाच्या तोंडावर स्पीकर आभाळाकडं तोंड करून बसवायचा, कडेनं चिंधी दाबायची, की तोवर किरकिरणारं गाणं भरल्या गळ्यानं गायला लागायचं. बीड जिल्ह्यातल्या सलूनमध्ये, पानटपऱ्यांवर, सायकलच्या दुकानांत असे माठ मी कितीतरी पाहिले. त्यांचा आवाज अजून कानात आहे.

माठात गाणं असं का भरतं, त्याचं कारण असं. स्पीकरचा कागदी कोन पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उंच स्वरांना त्याचा फारसा त्रास होत नाही. खर्जाच्या लाटा मात्र लांब असतात. त्या कडेनं वळून एकमेकींना गाठतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. मागची बाजू कशात तरी कोंडली की खर्ज वाचतो. लाकडी खोकं तेच करतं. माठ त्याहून सरस, कारण त्याला कोपरे नाहीत. अमेरिकेत आरसीए कंपनीचे हॅरी ओल्सन यांनी १९५१ साली एकच स्पीकर घन, शंकू, नळकांडं, गोल अशा निरनिराळ्या आकारांत बसवून मोजमाप प्रसिद्ध केलं. सगळ्यांत एकसारखा, खाचखळगे नसलेला आवाज गोलातून आला. आमच्या सलूनवाल्यांनी ओल्सन वाचलेला नव्हता, पण माठ हाताशी होता आणि कान जाग्यावर होते.

मी माजलगाव तालुक्यातल्या एका गावचा. शाळेत विज्ञान शिकवतो. घरी वाजवायला मनासारखे स्पीकर मिळावेत म्हणून माझी जी खटपट चालू आहे ती त्या माठापासून सुरू झाली, आणि तिनं मला सुताराच्या दुकानापासून पुण्यातल्या अनोळखी दिवाणखान्यांपर्यंत फिरवलं. या नादाला आमच्याकडं कुणी वेड म्हणतं, कुणी श्रीमंती चाळे. मला तो आवाजाबद्दलचा आदर वाटतो. कुणी तरी आयुष्य घालून एक थाप कमावलेली असते. ती माझ्या घरी येते तेव्हा जशी उमटली तशी यावी, एवढंच मागणं आहे.

प्रत्येक शोधणाऱ्याची आपली एक कसोटी असते. कुणी लताबाईंचा आवाज लावून बघतो, कुणी सरोद, कुणी परदेशी बँडचे ड्रम. माझी कसोटी पखवाज. ती मला या जिल्ह्यानंच दिली. अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव हे पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचं गाव. वारकरी कीर्तनातला मृदंग त्यांच्या हातून मैफलीच्या मंचावर गेला, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू तो वारसा पुढं चालवत आले. अंबाजोगाईला शिकत असताना २५ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहाला जायचो. मोठमोठी माणसं तिथं ऐकली. पण पखवाज म्हणजे काय हे मला कळलं ते एका घरगुती बैठकीत, माईक नसताना, वादकापासून हातभर अंतरावर बसल्यावर.

वाजवण्याआधी त्या वादकानं परातीत कणीक मळायला घेतली होती. पोळ्यांना मळतात त्याहून सैल. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई कायमची चढवलेली असते, डाव्या पुडीला मात्र दर वेळी ताजी कणीक लावायची. त्यानं आधी कातड्यावर पाण्याचा हात फिरवला, कणकेचा गोळा मधोमध ठेवला, अंगठ्यानं कडेकडेनं दाबत पसरवला आणि थाप मारली. मान हलवली. चिमटीनं थोडी कणीक काढली, पुन्हा थाप. मग बोटं ओली करून वरून पुसली आणि तिसऱ्या थापेला तो हसला. त्या थापेनं माझ्या छातीच्या पिंजऱ्यात काही तरी हललं. ती नुसती मोठी नव्हती. ती आली, भरली, खाली उतरत गेली आणि जिथं संपायची तिथं संपली. पुढचा बोल पडला तेव्हा तिची शेपटी त्यात अडकलेली नव्हती.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांबद्दल लिहिलं, आणि १९३४ मध्ये तेच सविस्तर मांडलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल नुसता धडधडतो. शाईच्या वजनामुळं मृदंगाची नऊ प्रकारची कंपनं पाच सुरेल गटांत येऊन बसतात, आणि कातडं तारेसारखं गायला लागतं. हे उजव्या अंगाचं झालं. डाव्या अंगाचं शास्त्र वादकाच्या चिमटीत असतं आणि ते रोज नव्यानं करावं लागतं.

स्पीकरच्या दृष्टीनं हे वाद्य फार अवघड. डाव्या थापेचा मूळ स्वर सेकंदाला शंभर कंपनांच्या खालचा. तो काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्याच थापेचा कातड्यावरचा 'थप' मात्र क्षणाचा असतो, आणि त्यासाठी कोन हलका, चपळ हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. त्यात कान आपल्याला फसवतो. मूळ स्वर गाळून नुसते त्याचे उपस्वर ऐकवले, तरी मेंदू खालचा स्वर मनानं भरून घेतो. म्हणून तळहाताएवढ्या रेडिओवर आकाशवाणी परभणीचं भजन ऐकताना मृदंग ऐकू आल्यासारखा वाटतो. कळतं सगळं, छातीत मात्र काही हलत नाही.

माझी पहिली खरी पेटी अंबाजोगाईच्या एका सुतारानं करून दिली. पाऊण इंची प्लायवूड, आठ इंची स्पीकर, वर छोटा ट्वीटर, आणि कुठंही भोक नाही. सुताराला हे पटेना. डीजेवाल्यांच्या पेट्यांना तर समोर मोठालं तोंड असतं, म्हणाला. त्यांचं बरोबर आहे. ती पेटी उघड्यावर, शेकडो माणसांत, लांबवर ऐकू जायला केलेली असते, आणि भोकातून निघणारी हवा ठरावीक पट्ट्यातला खर्ज वाढवते. दसरा झाला की आमच्याकडून ऊसतोडीचे ट्रॅक्टर कारखान्यांकडं निघतात. टपावर स्पीकर बांधलेले, मागं संसार, जनावरं, लेकरं. त्या आवाजाबद्दल मी कधी नाक मुरडलेलं नाही. सहा महिने पाचटाच्या खोपीत काढायला निघालेल्या माणसानं रस्ताभर गाणं लावावं, मोठ्यानं लावावं. मात्र त्या पेटीत पखवाज घातला की प्रत्येक 'धुम' सारख्याच उंचीचा येतो. पेटीला ठाऊक असलेला एकच स्वर ती प्रत्येक थापेला चिकटवते.

छोट्या बंद पेटीची ही रीत अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी रूढ केली. त्यांचा 'एआर-१' हा स्पीकर १९५४ मध्ये आला, तोवर खोल खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चर यांनी कोन सैल टांगला आणि त्याला मागं खेचायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवलं. छोट्या पेटीतून खालचा स्वर निघाला. आत त्यांनी काचतंतू भरले होते. मी माजलगावचा, मी कापूस भरला.

हा कापूस आत काय करतो ते मुलांना शिकवायला मला फार आवडतं. हवा दाबली की किंचित तापते आणि तापली की जास्त ताठ होते. न्यूटननं आवाजाचा वेग काढताना हे तापणं धरलं नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर खऱ्या वेगापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आलं. लाप्लासनं १८१६ मध्ये ते दुरुस्त केलं. पण पेटीत कापूस पिंजून भरला की दाबातून निर्माण होणारी ऊब तंतू घेतात, हवा मऊ राहते, आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. मोकळ्या हवेत चुकलेला न्यूटन कापसाच्या आत बराचसा बरोबर येतो.

पेटी चांगली झाली होती. तरी माझं मन भरेना. पुण्याला गेलो की ओळखीतून ओळख काढून लोकांच्या घरी ऐकायला जायचो, आणि पुण्याच्या लोकांनी मला कधी दारातून परत पाठवलं नाही. एका निवृत्त इंजिनिअरांकडं 'एलएस ३/५ ए' ऐकले. बीबीसीनं बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांत, बसायला जागा नाही अशा ठिकाणी वापरायला १९७०च्या दशकात तयार केलेले हे छोटे स्पीकर. जेमतेम फूटभर उंच. त्यांच्यावर त्यांनी एक ख्याल लावला, आणि गायकानं श्वास घेतला तो मला दोन पेट्यांच्या मधोमध, जिथं काहीच नव्हतं तिथं, ऐकू आला. माणसाचा आवाज त्याहून खरा मी आजवर ऐकलेला नाही. मग पखवाज लावला. उजवं अंग लख्ख, डावं अंग सभ्य. सभ्यपणा पखवाजाला शोभत नाही. दुसऱ्या एका घरी माणसाएवढे उंच, मोटारसायकलीच्या किमतीचे स्पीकर होते. त्यांत खर्ज भरपूर होता, पण खोलीभर लोळत होता, बोलांच्या मधल्या जागा बुजवत होता. मालकानं नव्या वायरी दाखवल्या, त्यांची किंमत सांगितली. तांब्याची पुरेशी जाड वायर असली की बास, त्यापुढचा पैसा वाया, हे माझं मत तेव्हाही होतं. घरमालकासमोर बोललो नाही.

येताना एसटीत एकच विचार होता. ते मोठे स्पीकर वाईट नव्हते. त्यांच्यासमोरची चकचकीत फरशी, मागची काच आणि वरचा सपाट स्लॅब, हेही वाजत होते.

आमच्या घरीही तेच. जुनं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर सरे, किलच्या, आणि वर हातभर पांढरी माती. भिंतींना कोनाडे, देवळ्या, खुंट्यांवर कपडे, एका कोपऱ्यात ज्वारीची कणगी, दुसऱ्यात वाकळांची चळत. एकही पृष्ठभाग सपाट नाही आणि कुठल्याही दोन भिंती सरळ समोरासमोर नाहीत. त्या घरात माठातला स्पीकरसुद्धा का गोड वाजायचा ते मला पुष्कळ उशिरा उमगलं. आवाज आदळून परत यायला तिथं जागाच नव्हती. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं, एक तुळई वाळवीनं खाल्ली, आणि माझ्या वडिलांनी, दादांनी, शेजारी स्लॅबची खोली बांधली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. बांधणाऱ्या मिस्त्रीला त्या चौकोनाचा अभिमान होता.

आवाजासाठी यापेक्षा वाईट खोली बांधता येत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ कंपनांचा स्वर अचूक मावतो आणि येरझारा घालत राहतो. लांबीत मावतो तोच रुंदीत, तोच उंचीत. तिन्ही एकावर एक चढतात. पखवाजाचं डावं अंग त्या स्वराच्या जवळ आलं की खोली स्वतःच घुमायला लागते, आणि त्याच्या थोडं वर-खाली गेलं की थाप कुठं गेली कळत नाही. वर सिमेंटचा गिलावा, खाली फरशी, एक पत्र्याचं कपाट. टाळी वाजवली तर तिच्या मागं टणटणाट यायचा. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात, त्या कोरीव शिवलेण्याच्या मंडपात, मी एकदा टाळी वाजवून पाहिली होती. दगडानं ती किती वेळ धरून ठेवली! तिथं ते शोभतं. तिथं देव राहतो. माझ्या खोलीत माणसानं वाजवलेला बोल स्वच्छ ऐकू यायला हवा होता.

मग दिवाळी आली आणि कापूस घरात आला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं वेचणी सुरू झाली की कापूस आधी मोकळ्या खोलीत जातो. बाया दिवसभर वेचतात, संध्याकाळी वजन होतं, किलोवर मजुरी चुकती होते, आणि गाठोडी खोलीत सुटतात. ढीग वाढतो तसा तो तुडवतात. लेकरं त्यावर उड्या मारतात, मोठी माणसं ओरडतात. महिनाभरात दाराच्या समोरची अर्धी जागा सोडून बाकी खोली छातीएवढी, मग डोक्याएवढी, मग स्लॅबला टेकेपर्यंत पांढरी होते. पूर्वी शासनाची एकाधिकार खरेदी होती. १९७२ साली ती योजना आली, आणि केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या हे दादा सांगतात. आता व्यापारी दारात येतो, भाव सांगतो, आणि शेतकरी कापूस द्यायचा की ठेवायचा हे ठरवतो. ठेवायचा म्हणजे घरातच.

स्पीकर त्याच खोलीत होते. हलवायला दुसरी जागा नव्हती. दादांची अट एक होती, कापसाजवळ ठिणगी नको. बरोबरच होतं. म्हणून अँप्लिफायर आणि विजेचा बोर्ड ओसरीवर ठेवला आणि नुसत्या स्पीकरच्या वायरी खिडकीतून आत नेल्या. त्या रात्री पखवाज लावला, आत जाऊन ढिगाच्या पायथ्याशी पाठ टेकून बसलो, आणि पहिल्या थापेला उठून उभा राहिलो.

खोली गेली होती. भिंती होत्या, स्लॅब होता, पण त्यांचा आवाज गेला होता. डावं अंग आलं ते जमिनीतून वर आल्यासारखं, आणि संपलं ते वादकानं संपवलं तिथं. 'धुमकिट' मधला धुम आणि किट यांच्यामध्ये जागा होती. तीच पेटी, तोच आठ इंची स्पीकर, तीच ध्वनिमुद्रिका.

हिशेब मांडला तेव्हा आश्चर्य उरलं नाही, आनंद मात्र वाढला. हवेची लाट तंतूंच्या जाळ्यातून जाताना घासते आणि तिची शक्ती उबेत जिरते. भिंतीला टेकून हवा हलत नाही, ती सगळ्यांत जोरात हलते भिंतीपासून पाव लाटेच्या अंतरावर. म्हणून पातळ पडदे, गालिचे, अंड्यांचे ट्रे उंच स्वर थोडेफार कमी करतात, पण खर्जाला हातही लावू शकत नाहीत. शंभर कंपनांच्या स्वराची पाव लाट ८६ सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ तीन फूट. कुठल्या दिवाणखान्यात तीन फूट जाडीचं अस्तर लावता येतं? परदेशातले स्टुडिओ त्यासाठी भिंतींच्या आत खोल पोकळ्या बांधतात. माझ्याकडं सहा फूट होतं, आणि ते आमच्याच शेतातलं होतं.

त्या हंगामात मी ऐकलं तसं पुन्हा कधी ऐकलं नाही. कमी आवाजात कान खर्जाला बहिरा होत जातो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढवावा तर गढूळपणाही वाढतो. कापसाच्या खोलीत आवाज हवा तेवढा वाढवता येत होता, आणि गल्लीतल्या कुणाची झोपमोड होत नव्हती.

पण तो कापूस खोलीत होता कारण त्याला भाव नव्हता. ही गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेनं पुढच्या वर्षी मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांनी माल विकला नाही, तो घरात ठेवला, आणि भाव खाली येत राहिले. मार्च गेला, एप्रिल गेला. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते. घराघरात लेकरांच्या मानेवर, हातांवर पुरळ उठलं होतं. माय अंगणात झोपायला गेली. मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आत बसायचो, कारण खोली अजून तशीच वाजत होती. ओसरीवर दादा फोनवर व्यापाऱ्यांचे भाव विचारत असायचे, आणि आत मी दर संध्याकाळी मनाशी म्हणायचो की आज भाव चढू दे, हे सगळं जाऊ दे. ते मनापासून म्हणायचो. तरी पखवाज लावायचोच.

एका संध्याकाळी दादा आत आले. ते गावच्या भजनात पंधरा-वीस वर्षं मृदंगाला बसलेले, आता गुडघ्यांमुळं मांडी घालता येत नाही. माझ्या यंत्रांत त्यांना रस नव्हता. दाराशी उभं राहून ऐकत होते. बोलांची लांब परन चालू होती. मध्येच म्हणाले,

"कणीक वाळली की रं त्याची."

मी विचारलं, कशावरून?

"डावं अंग चढाय लागलंय. आता हात वला करंल बघ."

थोड्या वेळानं परन संपली, क्षणभर शांतता आली, आणि पुढच्या आवर्तनाचा धुम आधीपेक्षा स्पष्ट खाली उतरलेला होता. वादकानं पाणी लावलं होतं. ती ध्वनिमुद्रिका मी असंख्य वेळा ऐकलेली. कणीक वाळते, तिचं वजन घटतं, म्हणून स्वर चढतो, हे शास्त्र मीच वर्गात सांगेन. पण ते माझ्या कानाला कधी दिसलं नव्हतं, आणि त्या खोलीबाहेर कुठल्याही स्पीकरवर दादांनाही कळलं नसतं. स्पीकर कसे असावेत याची याहून चांगली परीक्षा मला कुणी सांगितलेली नाही. मुंबईत किंवा लंडनमध्ये कुणाकडं काय आहे याची चौकशी मी त्या दिवसापासून सोडली.

जूनच्या तोंडाला, पेरणीला पैसा हवा म्हणून, कापूस गेला. पोत्यांत दाबून टेम्पोत चढवला. सकाळी सुरू झालेलं काम उन्हं कलेपर्यंत चाललं, आणि संध्याकाळी मायनं खोली झाडून, पुसून, गोमूत्र शिंपडून मोकळी केली. घरात कितीतरी महिन्यांनी कुणी खाजवत नव्हतं. मी टाळी वाजवली. टणटणाट जाग्यावर होता.

आता पुढचं काम मला माहीत होतं. स्पीकर बदलायचे नव्हते. खोलीच्या कोपऱ्यांत, जिथं तिन्ही दिशांचा खर्ज गोळा होतो, तिथं जमिनीपासून छतापर्यंत बारदानाच्या उभ्या थैल्या करून त्या भरायच्या होत्या. कच्चा कापूस तसाच भरून चालत नाही. त्यात वजनाच्या तीन हिश्श्यांतले दोन हिस्से सरकी असते आणि सरकीला उंदीर येतात. क्विंटलभर कापसातून जेमतेम चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. तालुक्याच्या गावी गाद्या भरणारे एक पिंजारी आहेत, त्यांनी जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून दिला. एक कोपरा भरला. दोन फूट बाय दोन फुटांचा तिकोनी खांब, वर मायच्या जुन्या लुगड्याचं कापड. बोर्ड अजून ओसरीवरच आहे. त्या एका कोपऱ्यानं खोली बदलली. पूर्वीच्या ढिगाइतकी नाही, पण ५६ कंपनांचा घुमारा निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, आणि डाव्या अंगाचे दोन बोल वेगळे ओळखू येतात. दुसरा कोपरा राहिला आहे, आणि पिंजाऱ्यांकडं जुनी रुई आता नाही.

पूर्वी शेवटचा फरदडीचा कापूस, कवडी कापूस, असाच पडून राहायचा. त्यानं कोपऱ्याचं काम झालं असतं. पण फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. २०१७ साली तिनं मराठवाड्याची बोंडं पोखरली, तेव्हापासून दादा जानेवारीत पऱ्हाट्या उपटून टाकतात. म्हणजे कोपऱ्यासाठी कापूस घ्यायचा तर विकायच्या मालातूनच घ्यावा लागणार. यंदा वेचणी सुरू झाल्यावर त्यांनीच विचारलं.

"त्या दुसऱ्या कोपऱ्याला किती लागंल?"

"चाळीस किलो कापूस घेतला तर चौदाएक किलो रुई निघंल, दादा. तेवढ्यात भागतंय."

त्यांनी सात हजारांचा भाव धरून मनाशी हिशेब केला. अठ्ठावीसशे रुपये. वर जिनिंगचं वेगळं. मग ढिगाकडं बघत म्हणाले, पहिल्या वेचणीचा नको घेऊस, तो लांब धाग्याचा असतोय, त्याला गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या वेचणीतला घे, आणि घेशील तेव्हा वजन करून वहीत माझ्या नावावर मांड.